आई-बाबांना घेऊन आरव्हीने हायवे वन: मे महिन्यात प्राणी कुठे दिसतील?

मीठभाकर

मंडळी, मदत हवीये. आई-बाबा मार्चमध्ये पुण्याहून येतायत, सहा महिने आमच्याकडे कॅलिफोर्नियात सनीवेलला. मागच्या खेपेला गोल्डन गेट, व्हेगस, ग्रँड कॅन्यन सगळं यथासांग झालं, बसमधून उतरा, फोटो काढा, परत चढा, आणि शेवटी बाबा वैतागून म्हणाले की यापुढे मला इमारती दाखवू नका, जनावरं दाखवा. बाबा म्हणजे रिटायर झाल्यापासून न चुकता वेळासला कासवं बघायला जाणारा माणूस, पहाटे उठून वाळूत तासन् तास बसायची तयारी असते त्यांची. आईचं वेगळंच, बाहेरचं खाणं दोन दिवसांच्या वर चालत नाही आणि चहा स्वतःच्याच हातचा लागतो.

तर या सगळ्यावर उपाय म्हणून नवऱ्याच्या डोक्यात आरव्हीचं, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीचं, खूळ शिरलंय. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, समुद्रकाठच्या हायवे वनने माँटेरे, मग बिग सुर, सॅन सिमियन, मोरो बे, जमलंच तर सँटा बार्बरापर्यंत जायचं आणि येताना आतल्या हायवे 101 ने सरळ घरी. आम्ही दोघं, आई-बाबा आणि 7 वर्षांचा मुलगा. नवरा गाडी चांगली चालवतो पण आरव्ही कधी चालवलेली नाही, आणि बिग सुरचे ते यूट्यूब व्हिडिओ बघून माझ्याच पोटात गोळा येतोय, आईचं काय होईल देव जाणे.

मला मुख्य हे विचारायचंय की मे मध्ये नक्की काय काय दिसतं, म्हणजे बाबांना सांगून ठेवलं आणि तिथे नुसते सीगल असं व्हायला नको. शिवाय किती मोठी आरव्ही घ्यावी, रात्री लावायची कुठे, आणि ज्येष्ठांना हे झेपतं का? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज. बुकिंग सहा महिने आधी उघडतं म्हणे, म्हणजे आत्ताच ठरवायला लागणार.

खाडीकाठ

मी सॅन लुईस ओबिस्पोला राहतो, म्हणजे तुम्ही जिथे येणार तो आमचा अंगणातलाच भाग, त्यामुळे प्राण्यांचं मी सांगतो, आरव्हीचं इतर लोक सांगतील.

पहिलं म्हणजे बाबांना बिनधास्त सांगून ठेवा, मे मध्ये ते नाराज होऊन परत येणार नाहीत. पिएद्रास ब्लँकास नावाची जागा आहे, सॅन सिमियनच्या थोडं उत्तरेला, अगदी हायवेला लागून. तिकीट नाही, रिझर्व्हेशन नाही, गाडी लावायची आणि लाकडी कठड्याशी जाऊन उभं राहायचं, खाली वाळूवर शेकडो एलिफंट सील पसरलेले असतात. एकही पायरी चढायची नाही, व्हीलचेअरसुद्धा जाते. पार्किंग मोठं आहे, आरव्ही आरामात लागते. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी यांची इतकी कत्तल झाली की मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर जेमतेम शंभरेक उरले होते असं धरतात, आणि आज सगळे मिळून दोन लाखांच्या वर आहेत. या किनाऱ्यावर ते 1990 मध्ये पहिल्यांदा आले, 1992 मध्ये इथे पहिलं पिल्लू जन्मलं. म्हणजे हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत झालंय.

पण एक आधीच सांगतो. फोटोत दिसतात ते सोंडवाले अवाढव्य नर, एकमेकांच्या छातीवर आपटणारे, ते डिसेंबर-जानेवारीचं प्रकरण. मे मध्ये असतात माद्या आणि वयात येणारी पिल्लं, कात टाकायला आलेली. केसांसकट वरची कातडी सुटते, अंगभर पोपडे निघालेले असतात, खाली नवीन चंदेरी केस दिसतात. बघणाऱ्या दहातल्या पाच जणांना वाटतं की प्राणी आजारी पडलेत की काय. महिनाभर काही खात नाहीत, नुसते पडून राहतात, मधेच वल्ह्यासारख्या पुढच्या पायाने अंगावर वाळू उडवतात, शेजाऱ्यावर वसकन ओरडतात आणि पुन्हा झोपतात. गर्दी म्हणाल तर एप्रिलचा शेवट ते मेची सुरुवात याच काळात किनारा सगळ्यात भरलेला असतो, तुमची तारीख बरोबर त्यातच बसतेय. निळं जाकीट घातलेले स्वयंसेवक असतात तिथे, त्यांना बाबांनी मनसोक्त प्रश्न विचारावेत, त्यांना आवडतं. वास मात्र जबरदस्त असतो, आईला आधी कल्पना देऊन ठेवा. आणि मुलाला सांगा, कठड्याजवळच्या खारी कितीही गयावया करू देत, खायला घालायचं नाही.

तिथेच उभं राहून सीलकडून नजर जरा वर उचलायची. एप्रिल-मे मध्ये ग्रे व्हेलच्या माद्या पिल्लांना घेऊन मेक्सिकोच्या खाड्यांतून अलास्काकडे निघालेल्या असतात आणि पिल्लं बरोबर असल्यामुळे किनाऱ्याच्या खूप जवळून जातात. याच टोकावर बसून सरकारी शास्त्रज्ञ 1994 पासून दर वसंतात ही पिल्लं मोजतायत. दुर्दैवाने आकडे चांगले नाहीत, 2016 च्या सुमाराला 27,000 च्या आसपास ग्रे व्हेल होते, 2025 च्या अंदाजात 13,000 वर आलेत, आर्क्टिकमध्ये खायला कमी मिळतंय हे मुख्य कारण सांगतात. तरीपण सकाळी वारा सुटायच्या आधी पाणी सपाट असतं तेव्हा फवारा दिसायची शक्यता चांगली असते. दुपारी दोन नंतर लाटांचा फेस आणि फवारा यातला फरक कळणं कठीण.

सी ऑटरसाठी, म्हणजे समुद्री पाणमांजरांसाठी, मोरो बे. मोठा मोरो रॉक आहे ना, त्याच्या पायथ्याशी बंदराच्या आतल्या बाजूला केल्पमध्ये, म्हणजे लांबलचक समुद्री शेवाळात, पाठीवर तरंगत असतात, आई पोटावर पिल्लू घेऊन. अगदी रस्त्याच्या कडेवरून दिसतात, वीस-तीस पावलांवर. ऑटर शिकारीला खाली जाते तेव्हा पिल्लाला केल्पच्या पट्ट्यात गुंडाळून ठेवते, वाहून जाऊ नये म्हणून. हे बघायला मिळालं तर बाबा तिथून हलायचे नाहीत, तेव्हा पार्किंगची वेळ बघून लावा. त्याच खडकावर पेरेग्रीन ससाणे घरटी करतात, वसंतात कोणीतरी दुर्बीण लावून बसलेलं असतंच, विनंती केली की बघू देतात.

स्पष्टवक्ता

सगळे उत्साहाने लिहितील म्हणून मी दुसरी बाजू लिहितो. आरव्ही कशाला? हिशोब करून बघा. दिवसाचं भाडं, वर मैलामागे वेगळे पैसे, जनरेटर चालवला तर तासाचे वेगळे, भांडी-चादरी पाहिजेत तर किटचे वेगळे, इन्शुरन्स वेगळा. पेट्रोलला गॅलनमागे 8-10 मैल मिळाले तरी नशीब, कॅलिफोर्नियाच्या भावात. त्यावर कॅम्पग्राउंडचं भाडं. एवढ्या पैशात सॅन सिमियन-केंब्रियाला किचनेटवाली खोली सहज येते, मिनीव्हॅन घ्या, पाच जण ऐसपैस बसा, आई चहा करतील, बाबा सील बघतील, आणि नवरा घाटात घामाघूम होणार नाही.

आणि सत्तरीच्या माणसांना रात्री दोनदा उठायला लागतं, त्या चिमुकल्या बाथरूममध्ये वळायला जागा नसते. डायनेटचा, म्हणजे जेवायच्या टेबलाच्या जागी होणारा, बेड रोज रात्री घालायचा, रोज सकाळी मोडायचा. रोमँटिक वाटतं ते यूट्यूबवर.

शिवाय बिक्सबी ब्रिजला आरव्ही लावायला जागाच मिळत नाही, पॉइंट लोबोसला मोठी आरव्ही आत घेत नाहीत, फायफर बीचच्या अरुंद रस्त्यावर आरव्हीला बंदीच आहे. म्हणजे बिग सुरमधल्या निम्म्या गोष्टी खिडकीतूनच बघायच्या. विचार करा.

घाटातला_ड्रायव्हर

स्पष्टवक्ता यांचा हिशोब काही चुकीचा नाही, पैसे वाचवायला म्हणून आरव्ही कोणी घेऊच नये. पण आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो आणि मला विचाराल तर ज्येष्ठांना ती खोलीपेक्षा सोपी पडते, कारण बाथरूम सतत बरोबर असतं. बिग सुरमध्ये मैलोन् मैल काही नाही, त्या वेळी याची किंमत कळते. आणि सील बघून आलं की पार्किंगमध्येच आलं घालून चहा, समोर समुद्र, हे किचनेटमध्ये होत नाही. हां, पण एक नियम, गाडी चालू असताना सगळ्यांनी बेल्ट लावून बसायचं, कॅलिफोर्नियात आरव्हीच्या मागच्या लोकांनाही तो कायदा आहे. चालत्या गाडीत चहा टाकायला आई उठल्या तर त्यांना खाली बसवायची जबाबदारी तुमची!

साइज. पाच जणांना क्लास सी घ्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असतो तो प्रकार, 25 फुटांच्या आसपास. मुलगा आनंदाने वर झोपेल, आई-बाबांना मागचा कायमचा बेड द्या, तो रोज घालायचा-मोडायचा नसतो, डायनेटवर तुम्ही दोघं. 30 फुटी घेऊच नका, जास्त ऐसपैस पडेल म्हणून कंपनीवाले गळ घालतात, नाही म्हणायचं. बिग सुरच्या आतली बरीच कॅम्पग्राउंड्स 30-32 फुटांच्या वर घेतच नाहीत आणि वळणावर मागची शेपटी पलीकडच्या लेनमध्ये जाते ती वेगळीच. लायसन्स नेहमीचं चालतं.

चालवायचं म्हणाल तर उंची, म्हणजे साधारण 11-12 फूट, कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, पेट्रोल पंपाचं छत आणि झाडाच्या फांद्या यांच्यासाठी. निघायच्या आदल्या दिवशी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तासभर रिव्हर्स घेऊन बघू दे नवऱ्याला, मागे उभं राहून हातवारे करणाऱ्या माणसाशी आधीच खुणा ठरवून घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. घाटात आपण हळू जातो, मागे पाच गाड्या साठल्या की टर्नआउट, म्हणजे रस्त्याकडेची गाडी बाजूला घ्यायची जागा, दिसेल तिथे बाजूला घ्यायचं, तोही इथला कायदाच आहे. उत्तरेकडून दक्षिणेला गेलात तर समुद्र उजव्या हाताला, टर्नआउटही उजवीकडेच, आत-बाहेर करणं सोपं. फक्त उजव्या सीटवरच्या माणसाला खाली थेट दरी दिसते, आईंना ड्रायव्हरच्या मागे बसवा, तिथून डोंगरच दिसतो.

पेट्रोल कार्मेलला फुल करा. मधल्या गोर्डाच्या पंपाचा भाव बघून बाबा रुपयांत गुणाकार करतील आणि दिवस खराब होईल. भरताना प्रोपेन बंद करायला विसरू नका, फ्रीज त्यावरच चालतो.

राहायचं: बिग सुरमध्ये फायफर बिग सुर स्टेट पार्क किंवा कर्क क्रीक. कर्क क्रीक म्हणजे कड्यावरच, बहुतेक साइटवरून समुद्र दिसतो, पण हुकअप, म्हणजे गाडीला वीज-पाणी जोडायची सोय, नाही, प्यायचं पाणीही नाही, टाकी भरून जायचं. स्टेट पार्क सहा महिने आधी सकाळी 8 वाजता उघडतं आणि चांगल्या जागा मिनिटांत जातात, दोघांनी दोन लॅपटॉप घेऊन बसा. रस्त्याच्या कडेला टर्नआउटमध्ये रात्र काढू असा विचारही मनात आणू नका, हायवे वनवर बिग सुरमध्ये ते चालत नाही, दंड होतो. आणि स्टेट पार्कात जनरेटर सकाळी 10 ते रात्री 8 एवढाच, म्हणजे पहाटेच्या चहाला मायक्रोवेव्ह नाही, गॅस आहेच.

मीठभाकर

बापरे, केवढं लिहिलंत! खूप खूप धन्यवाद. नवऱ्याला वाचून दाखवलं, स्पष्टवक्ता यांचं वाचून त्याचा चेहरा पडला आणि पुढचं वाचून परत खुलला. 25 फूट नक्की.

दोन प्रश्न. फोडणी? घरीच आमचा अलार्म वाजतो, त्या डब्यात काय होईल? आणि दुसरं जरा अवघड, ते ब्लॅक टँक (टॉयलेटची टाकी) वगैरे... बाबांना पाणी लागतं, नुसत्या कागदावर त्यांचं भागत नाही, तर ते चालतं का त्या टॉयलेटमध्ये?

आणि रस्ता बंद असेल तर? ऑफिसमध्ये एकजण म्हणाला बिग सुर कायम बंदच असतं.

घाटातला_ड्रायव्हर

फोडणी बाहेर. प्रत्येक साइटला पिकनिक टेबल असतं, एक शेगडी वेगळी न्या आणि तिथे खुशाल मोहरी तडतडवा. आत केलीत तर अलार्म तर वाजेलच, पण मुख्य म्हणजे हिंगाचा वास पडद्यांत बसतो, परत देताना साफसफाईचे पैसे लावू शकतात. कुकरची शिटी आत चालते. तेलकट भांडी आधी कागदाने पुसून मग धुवा, ग्रे टँक, म्हणजे सिंकच्या सांडपाण्याची टाकी, लहान असतो, बघता बघता भरतो.

पाणी चालतं हो, अगदी चालतं, छोटा मग ठेवा. टाकी लवकर भरेल एवढंच, तर एक दिवसाआड रिकामी करायचा हिशोब ठेवा. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी ब्लॅक सोडायचा, मग ग्रे, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. ग्लोव्हजचा पूर्ण डबा घ्या, एक-दोन जोड नाही. हे काम कोणाचं ते घरून निघायच्या आधी ठरवा, तिथे पोहोचून ठरत नाही.

गिधाडप्रेमी

कोणीच काँडोरबद्दल लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं. बिग सुरमधून जाऊन काँडोर न बघता येऊ नका! बाबांना वेळासचं वेड आहे म्हणजे त्यांना हे नक्की भावेल.

काँडोर म्हणजे इथलं अवाढव्य गिधाड, पसरलेले पंख साडेनऊ फूट. 1982 मध्ये जगात एकूण 22 उरले होते. 1987 पर्यंत रानातला शेवटचा पक्षीसुद्धा पकडून पिंजऱ्यात नेला, म्हणजे काही वर्षं आकाशात एकही काँडोर नव्हता, तेव्हा यावरून प्रचंड भांडणं झाली होती की असं करावं का. मग पिंजऱ्यात वाढवून सोडायला सुरुवात झाली, बिग सुरमध्ये 1997 पासून सोडतायत. आता रानातले आणि पिंजऱ्यातले मिळून पाचशेच्या वर आहेत. बहुतेकांच्या पंखावर नंबराचा बिल्ला असतो, फोटोत नंबर वाचता आला तर तो पक्षी कधी जन्मला, नर की मादी, हे शोधता येतं. मुलाला हे काम द्या, दिवसभर गुंतून राहील.

तिथे टर्की व्हल्चर नावाची गिधाडं पण खूप आहेत आणि पहिल्यांदा जाणारा प्रत्येक माणूस त्यालाच काँडोर समजतो. व्हल्चर पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरतो आणि उडताना हेलकावे खातो. काँडोर पंख सपाट ठेवून संथ जातो, अजिबात डुगडुगत नाही. खालून बघितलं तर काँडोरच्या पंखाची पुढची बाजू पांढरी, व्हल्चरची मागची बाजू राखाडी. लहान वयाच्या काँडोरला तो पांढरा रंग धड आलेला नसतो, तेव्हा उडण्याच्या ढबीवरच जायचं. कड्याच्या टर्नआउटवर सकाळी दहा-अकराच्या पुढे थांबा, ऊन तापून हवा वर उठायला लागली की ते बाहेर पडतात. कधी कधी तर आपल्या डोळ्यांच्या खालून जातात, म्हणजे वरून पाठ दिसते. 8x42 दुर्बीण पुरे, त्याहून मोठी वाऱ्यात हातात स्थिर राहत नाही.

त्यांचा शत्रू शिसं. शिकारी गोळी घालून प्राणी टाकतात, त्या मांसातले शिशाचे कण पोटात जातात. म्हणून 2019 पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफेनॅकने गेली, गुरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावरातून पोटात, 2006 मध्ये बंदी येईपर्यंत खेळ संपत आला होता. बाबांना म्हसळ्याजवळच्या चिरगावची गिधाडं माहीत असणार, वेळासहून तसं लांब नाही ते. गप्पांना विषय मिळेल.

पोर्टलँडची_सून

मी उत्तरेची बाजू लावून धरते. गर्दी नको असेल तर उलट दिशेने 101 ने वर जा, ऑरिकजवळ प्रेरी क्रीक रेडवुड्स पार्कात रूझवेल्ट एल्क नावाची मोठी हरणं कुरणात चरत असतात, रस्त्यावरून दिसतात, आणि मे-जूनमध्ये त्यांची पिल्लं होतात. तेव्हा माद्या फार चिडक्या असतात, गाडीतूनच बघायचं. रस्ता आरव्हीला बिग सुरपेक्षा कितीतरी सोपा. फक्त तिथे जायला लेगेटला 101 ला मिळणारा हायवे वनचा रस्ता घेऊ नका, ती वळणं आरव्हीत नकोच, 101 वरच राहा. गोल्ड ब्लफ्स बीचला जायचा डेव्हिसन रोड 24 फुटांवरच्या गाड्यांना बंद आहे, म्हणजे तुमची 25 वाली जायची नाही.

खाण्याचं एक. कॅम्पग्राउंडवर टेबलावर पोह्याचा कणही ठेवायचा नाही. ‘स्टेलर्स जे’ (jay) नावाचे निळे पक्षी असतात, माणसाच्या उष्ट्यावर त्यांची संख्या वाढते आणि मग ते मार्बल्ड मरलेट नावाच्या दुर्मिळ समुद्रपक्ष्याची अंडी खातात. रेडवुडच्या पार्कांत याबद्दल फार कडक आहेत. रात्री रकून येतात ते वेगळे, त्यांना झाकणं उघडता येतात.

खाडीकाठ

रस्ता बंदचं: तुमच्या ऑफिसवाल्याचं अगदीच खोटं नाही. 2017 च्या मे मध्ये मड क्रीकला अख्खा डोंगर खाली आला, रस्ता उघडायला जुलै 2018 उजाडलं. 2023 च्या जानेवारीपासून पॉल्स स्लाइड, मग रीजंट्स स्लाइड या दरडी, त्यात बराच काळ आरपार जाता येत नव्हतं. तेव्हा बुकिंग करताना सगळं वजन बिग सुरवर टाकू नका. कॅलट्रान्सचं, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचं, क्विकमॅप निघायच्या आदल्या दिवशी बघा आणि त्या दिवशी सकाळी परत बघा, गूगल मॅपवर जाऊ नका. बिग सुरमध्ये फोनला रेंज नसते, आधी उतरवून ठेवा काय ते.

बंद असेल तर 101 ने पासो रोबल्स, तिथून 46 पश्चिमेला केंब्रियाकडे, रस्ता रुंद आणि निवांत. खरं सांगू का, रस्ता उघडा असला तरी मी तुम्हाला म्हणेन मुक्काम सॅन सिमियन क्रीक कॅम्पग्राउंडला टाका, हुकअप नाही पण डंप स्टेशन आहे, पुलाखालून चालत समुद्रावर जाता येतं, सील उत्तरेला अर्ध्या तासाच्या आत, ऑटर दक्षिणेला अर्ध्या तासावर. एक रात्र मधे मोरो बेला हुकअपवाल्या खासगी पार्कात काढा, टाक्या रिकाम्या, अंघोळी निवांत. सँटा बार्बरा सोडून द्या, तिथवर आरव्ही हाकत जाण्यापेक्षा बाबांना सीलसमोर आणखी एक सकाळ द्या. आणि येता-जाता मॉस लँडिंगला एल्कहॉर्न स्लूमध्ये पॉन्टून बोटीची सफर असते, कयाक नको असेल तर ती घ्या, ऑटर, हार्बर सील, पेलिकन सगळं बसल्या जागी. हे ऑटर संपले असंच सगळे समजत होते, 1938 मध्ये बिक्सबी ब्रिजजवळ पन्नासेक सापडले, आताचे तीनेक हजार त्यांचीच प्रजा.

पॉइझन ओक, म्हणजे अंगाला लागलं की खाज-पुरळ उठवणारं झुडूप, सगळीकडे आहे हां, एका देठाला तीन पानं, मे मध्ये चकचकीत असतात. मुलाला पायवाट सोडू देऊ नका.

मीठभाकर

सँटा बार्बरा कॅन्सल. सॅन सिमियनच्या चार रात्री मिळाल्या, कर्क क्रीकची एकच, तीही नवऱ्याने ऑफिसची मीटिंग म्यूट करून मिळवली. स्पष्टवक्ता, तुमचं ऐकून बाथरूममध्ये रात्री लावायला बॅटरीचा दिवा घेतलाय!

काल व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळं वाचून दाखवलं. काँडोरवर ते पंधरा मिनिटं बोलले, चिरगावला ते जाऊन आलेत म्हणे, मला माहीतच नव्हतं. आई फक्त वास किती येतो एवढंच विचारत होती. आणि बाबांनी कुठेतरी वाचलंय की तिथे झेब्रे दिसतात, मी म्हटलं तुम्ही आफ्रिकेचं वाचलं असेल. खरं आहे का हे?

खाडीकाठ

बाबा बरोबर! हर्स्ट कॅसलवाल्या हर्स्टने 1920-30 च्या काळात टेकडीवर खासगी प्राणिसंग्रहालय ठेवलं होतं, पुढे ते मोडलं, पण झेब्रे राहिले आणि त्यांचे वंशज अजून त्या रँचवर गायींबरोबर चरतात. केंब्रियाहून उत्तरेला जाताना उजव्या हाताच्या कुरणात बघत राहा, कधी अगदी कुंपणाशी असतात तर कधी आठवडाभर टेकडीपलीकडे. जमीन खासगी आहे, कुंपण ओलांडायचं नाही, आणि दिसले म्हणून हायवेवर ब्रेक मारायचा नाही, आरव्हीच्या मागे लोक आधीच चिडलेले असतात. पुढे जाऊन शोल्डर, म्हणजे रस्त्याची कड, रुंद दिसला की थांबा.

वासाचं आईंना सांगा, वारा समुद्राकडून असतो, थेट तोंडावरच येतो. पहिली दहा मिनिटं.